पेशवाईतली पैठणी

संग्रहालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब रणदिवे यांच्यापुढं नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी घरची पैठणी टेबलावर ठेवली.

“खापरपणजीनं पेशव्यांच्या दरबारात नेसलेली. काचेच्या मधल्या कपाटात लावा आणि तशी पाटी लिहा.”

जुन्या वस्त्रांचा काळ ठरवणं हे यामिनीबाईंचं काम. त्यांनी पैठणी शांतपणे शेवटच्या टोकापर्यंत उलगडली. तिथं साडीतच विणलेला, अजून न कापलेला ब्लाउजपीस निघाला. पेशवाईत बायका चोळीसाठी खण वेगळा घेत.

बाईंनी पेन उघडलं. “लिहिते, भाऊसाहेब. ‘पेशवाईतला पहिला ब्लाउजपीस. सौजन्य, रणदिवे घराणं.’ चालेल ना?”

भाऊसाहेबांनी पैठणीची घडी स्वतःच्या हातानं घातली आणि काखेत मारली.