पुरे म्हणणारा तांब्या

लई मागची गोष्ट. तेव्हा भांडी बोलायची, आणि गावात नगरपालिका नवीनच आली होती. पाण्याच्या टाकीच्या चावीला तिनं नियम घालून दिला होता. आधी वरच्या आळीला पाणी सोडायचं, आणि तिथलं एखादं भांडं "पुरे" म्हणालं की मग खालच्या आळीला.

वरच्या आळीत एक पितळी हंडा होता. तो काठोकाठ भरायचा, पाणी गटारात वाहायचं, तरी "पुरे" म्हणायचा नाही. त्याचं बघून बाकीची भांडीही गप्प. आपल्याच घरातल्या तांब्याला तो समजवायचा, "पुरे म्हटलं ना बाळा, की उद्यापासून कमी सोडतात."

एकदा हंड्याचे मालक तापानं आजारी पडले. त्यांना खालच्या आळीतल्या दवाखान्यात नेलं, सोबत रिकामा तांब्या. तिथल्या माठाला तांब्या म्हणाला, "मामा, घोटभर द्या."

"तीन दिवस झाले, मीच कोरडा आहे रे," माठ म्हणाला.

तांब्या तसाच घरी परत आणला. सकाळी नळ आला. हंडा अर्धा भरला, तोच तांब्या म्हणाला, "पुरे." चावी फिरली.

"तुला कुणी विचारलं होतं रे?" हंडा म्हणाला.

"कुणी नाही, काका. पण मालक अजून तिकडंच आहेत."

 संध्याकाळी हंड्यानं आपल्या तळाशी पाहिलं, तर पाणी उरलंच होतं.