खळ वाळेपर्यंत

वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी, तसा तो आवाज होता. माळरानावरच्या एका गावात घोंगडी विणणारा धुळाप्पा सणगर राहत असे. त्याने तो आवाज पोरवयात ऐकला होता. त्याची आई अंगणातली भरली घागर उचलायला वाकली, आवाज झाला, आणि मग ती कोसळली. आधी हाड मोडलं, मागाहून आई पडली. त्यानंतर ती कोपऱ्यातल्या घोंगड्यावरून कधी उठली नाही. बघायला येणारे सांगून जात की बाईचं वय झालं, असं व्हायचंच. आई गेली, पण आवाज मागे राहिला. माग चालवता चालवता धुळाप्पाचा हात मध्येच थांबायचा. तो त्या आवाजानेच थांबायचा.

धुळाप्पा वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा गोष्टी वाईट माणसांच्या घरी घडतात असं समजून आपण निश्चिंत राहतो. बायकोवर त्याने कधी हात उगारला नव्हता. त्याच्या घोंगड्याला बाजारात नाव होतं. आणि त्याच्या घरचा एक दंडक साऱ्या गावाला ठाऊक होता. विणून झालेल्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिली, की ती वाळेपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही. ओलं घोंगडं दुमडलं तर पडलेली सुरकुती जन्मभर जात नाही. कोंबडी जरी वरून चालत गेली, तरी धुळाप्पा दगड घेऊन धावायचा.

ही खळ शिजवायची त्याची बायको मालन. अंगणभर पसरलेल्या घोंगड्यावर वाकून ती चोळायचीही तीच. लोकर कातणं, पाणी भरणं, चूल पेटवणं, बाजारासाठी गठ्ठे बांधणं, सगळं तिच्याकडे होतं. घरात धुळाप्पाची बहीण कोंडाबाईही होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती. तिच्याकडे बोलणं होतं.

एकदा मालनचा पाय उंबऱ्याला अडला. पडू नये म्हणून तिने हात भिंतीला टेकला. नुसता टेकला, तेवढ्याने मनगट मोडलं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं आणि ते काढल्यावर हाडांची वेगळी तपासणीही करून घेतली. मग त्यांनी दोघांना समोर बसवलं. पाळी गेल्यानंतर पुष्कळ बायकांची हाडं आतून विरत जातात, जुनं घोंगडं विरावं तशी. बाहेरून काही कळत नाही, मोडल्यावर कळतं. त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी लिहून दिली. ती कशी घ्यायची, तेही सावकाश सांगितलं. सकाळी उठल्यावर, पोटात काही नसताना, मोठा पेला भरून साध्या पाण्याबरोबर गिळायची. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर नाही. त्यानंतर निदान अर्धा तास ताठ बसायचं, नाहीतर उभं राहायचं. आडवं व्हायचं नाही, कामाला वाकायचं नाही, तोपर्यंत काही खायचं-प्यायचंही नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली किंवा उलटून वर आली, तर तिथे जाळते.

धुळाप्पा हूं हूं करत होता. त्याचं लक्ष एसटीच्या वेळेकडे होतं.

मालनने गोळी बाजाराच्या दिवसाला बांधून टाकली. त्या गावात आठवडा म्हणजे या बाजारापासून त्या बाजारापर्यंत. बाजार चुकत नाही, तशी गोळीही चुकणार नाही, असा तिचा हिशेब. पण त्या घरात बाजाराची सकाळ म्हणजे नुसती धावपळ. घोंगडी झाडायची, घड्या घालायच्या, गठ्ठे सुतळीने आवळायचे आणि बाजाराला जाणारी जीप सुटायच्या आत नाक्यावर पोचवायचे.

पहिल्या बाजाराला मालनने गोळी घेतली, पेलाभर पाणी प्यायली आणि ओट्यावर खांबाला पाठ लावून बसली. एवढ्या वर्षांत सकाळच्या वेळी तिला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कोंडाबाई म्हणाली, "पाटलीणबाई बसल्यात गादीवर. ओवाळायला ताट आणू का, वहिनी?"

मालन हसली आणि बसून राहिली. मग धुळाप्पाने आतून विचारलं, सुतळी कुठं आहे. थोड्या वेळाने विचारलं, मोठी घोंगडी खाली ठेवायची की वर. कोंडाबाईने विचारलं, चुलीला जाळ कधी लागणार. कुणी तिला रागावलं नाही. ऊठ असंही कुणी म्हणालं नाही. नुसतं विचारत राहिले. आणि ज्या घरात सुतळी कुठं आहे हे एकाच माणसाला माहीत असतं, त्या घरात त्या माणसाला बसता येत नाही.

मालन उठली. पुढच्या बाजाराला ती बसलीच नाही. गठ्ठ्यावर वाकल्या वाकल्याच तिने गोळी तोंडात टाकली आणि हाताशी असलेल्या चहाच्या घोटाबरोबर गिळली. मग तशीच घ्यायची सवय पडली. एका बाजाराला गोळी राहून गेली, तर पुढच्या बाजाराला तिने दोन एकदम घेतल्या. घरच्या कामाचं तेच करायची ती. राहिलेलं दुसऱ्या दिवशी दुप्पट.

मग छातीत निखारा ठेवल्यासारखं जळू लागलं. भाकरीचा घास उतरेना. ती ताकात कुस्करून खाऊ लागली, तेही छातीवर हात ठेवून. ती कुणाला बोलली नाही. आपल्याच हातून काही चुकलं असणार, असं तिला वाटत होतं. बायकांना ते फार लवकर वाटतं.

धुळाप्पाला समजलं तेव्हा तो पेटला. कोंडाबाई म्हणाली, गोळी उष्ण आहे, मी पहिल्यापासून सांगत होते. तिने कधी सांगितलं नव्हतं. धुळाप्पाने गोळ्यांची पट्टी उचलली, मालनला घेतलं आणि तालुका गाठला. डॉक्टरीणबाईंना काय काय सुनावायचं, ते तो एसटीत वाटभर पुटपुटत होता.

त्याने पट्टी टेबलावर आपटली. बाईंनी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मालनबाई, गोळी कशी घेत होतात?"

"तुमी सांगितली तशीच," धुळाप्पा म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

मालनने खाली बघत सगळं सांगितलं. चहाचा घोट, गठ्ठ्यावरचं वाकणं, दोन गोळ्या. ती का बसली नाही, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की बाजाराचा दिवस असतो.

"आणि हे कुठे असतात तेव्हा?"

"हे घरातच असत्यात."

 मग मालनच हळू आवाजात म्हणाली, "आमच्यात खळ दिलेल्या घोंगड्याला ती वाळंपतूर कुणी हात लावत न्हाई, बाई. त्येला येळ देत्यात."

धुळाप्पाला तुराटी मोडल्याचा आवाज ऐकू आला. इतक्या जवळून तो कधीच आला नव्हता. गावापासून जपून आणलेला राग त्याच्या हातात तसाच होता, आणि तो कुणावर टाकावा हे त्याला आता नीट समजलं.

बाईही संतापल्या होत्या, पण त्यांनी आवाज चढवला नाही. जळजळ सुरू झाली त्याच दिवशी गोळी थांबवून यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. घसा आणि अन्ननलिका बरी होईपर्यंत गोळी बंद. मग तपासून ठरवू, हीच द्यायची की दुसरं काही. आणि गोळी राहून गेली, तर आठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकच घ्यायची. दोन कधीच नाहीत. या वेळी धुळाप्पाने हूं केलं नाही. त्याने सगळं परत एकदा विचारलं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवलं. एसटी निघून गेली, तरी तो बसून होता.

मालनला बरं वाटू लागलं. बाईंनी पुन्हा तपासलं आणि तीच गोळी परत सुरू करायला हरकत नाही म्हणाल्या. घरी आल्यावर मालनने विचारलं, आता दुसरा एखादा रिकामा वार धरू का.

"वार कशाला बदलतीस?" धुळाप्पा म्हणाला. "चूक वाराची न्हवती."

बाजाराची सकाळ आली. पाण्याचा पेला धुळाप्पानेच भरून दिला. मालन गोळी घेऊन ओट्यावर ताठ बसली. धुळाप्पाने सुतळी शोधली. ती सापडायला बराच वेळ लागला. मग तो गठ्ठे बांधू लागला, पण त्याच्या गाठी सुटत होत्या. नाक्यावरून जीपचा भोंगा वाजला. मालन उठायला लागली, तशी त्याने हातानेच तिला बसायची खूण केली.

कोंडाबाई दारात आली. "दादा, जीप चालली. आठवड्याचा बाजार बुडंल. उठव की त्या बाईला, का तिची आता पूजाच मांडायची?"

धुळाप्पाने सुतळी खाली ठेवली. तो सावकाश बोलला.

"कोंडे, आय मोडली तवा तू ह्याच दारात हुतीस. हातात दुधाची वाटी हुती तुझ्या. आवाज आला तशी वाटी पडली. समदी म्हणाली, वय झालं. वय न्हवतं झालं तिचं. आपण समदी बसून हुतो, आन घागर ती उचलत हुती."

भोंगा पुन्हा वाजला आणि दूर जात जात ऐकू येईनासा झाला. जीप गेली. मालन खांबाला पाठ लावून बसली होती, रिकामा पेला मांडीवर धरून. कोंडाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग अंगणाच्या कडेला भरायच्या राहिलेल्या घागरीकडे पाहिलं. तिने पदर खोचला, घागर उचलली आणि पाण्याला निघून गेली.

तात्पर्य: औषध डॉक्टर देतो, पण ते नीट घेऊ देणं घराच्या हाती असतं. जिच्या पाठीवर घर उभं आहे, तिला अर्धा तास ताठ बसू न देणाऱ्यांनी औषधाला नावं ठेवू नयेत.