गरम भट्टीचे दार

नदीकाठच्या एका गावात रंगराव नावाच्या हौशी गृहस्थाने कौलांची भट्टी घातली. त्या मुलखात सगळी घरे गवताने शाकारलेली. एक दिवस सगळा मुलूख आपल्या कौलांखाली झोपेल, असे तो छातीठोकपणे सांगे. त्याच्या बोलण्याला भुलून तुळाजी कुंभार आपले चालते चाक बंद करून त्याच्याकडे आला. "इथं मालक-नोकर कुणी नाही, आपण एका घरची माणसं," रंगराव म्हणाला. तुळाजीला ते फार गोड वाटले.

भट्टी विझली की तिचे लिंपलेले दार तसेच ठेवून ती गार होऊ द्यावी लागते. घाईने दार फोडले आणि वारा आत शिरला, की कौले तडकतात. एवढी साधी गोष्ट रंगरावाला ठाऊक नव्हती असे नाही. पण पाहुणे आले की त्याला राहवत नसे. "बघा तरी, कशी लालबुंद झालीत!" म्हणत तो स्वतःच्या हाताने दार फोडी. पाहुणे वाहवा करून जात आणि मागे कौले तडकत. मग रंगराव कधी माती बदलायला सांगे, कधी साचा, आणि तुळाजी पुन्हा चिखल तुडवायला लागे. त्याने हात जोडून सांगून पाहिले. "तुझा विश्वासच कमी पडतोय," असे उत्तर मिळाले. तुळाजी पार थकून गेला. खुद्द भट्टीच्या छपरावर अजून गवतच होते, आणि तिकडे मान वर करून बघायचाही त्याला कंटाळा येऊ लागला.

एक दिवस रंगराव म्हणाला, "तुझा मेहुणा शिदू चांगला कारागीर आहे. त्याला घेऊन ये. तुझं ऐकेल तो. तडकलेल्या कौलांचा विषय तेवढा काढू नकोस."

शिदू आला तर आपला अर्धा भार हलका होईल, असे तुळाजीच्या मनात आले. मोह मोठा होता. शिदू भट्टी बघायला आला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही म्हणाल तसं. माझं चाक बंद करून येऊ?"

शिदूच्या घरी लहान पोरे होती. चाक फिरले तरच तिथे चूल पेटत होती. तुळाजीने त्याला भट्टीच्या मागे नेले. तिथे खापरांचा ढीग कमरेला लागत होता.

"ही सगळी माझ्या हातची," तो म्हणाला. "येऊ नकोस."

शिदूने ढिगातले एक खापर उचलून पाहिले. मग हळूच म्हणाला, "मग दाजी, तुम्ही इथं का?"

तुळाजीने हातपाय धुतले, खांद्यावर घोंगडी टाकली आणि तो मेहुण्याबरोबर चालू लागला.

रंगराव धावत आला. "अरे, आता कुठं कामाला रंग येतोय! घर सोडून असं कुणी जातं का?"

"मालक, निदान ही भट्टी तरी गार होऊ द्या," तुळाजी म्हणाला.

एवढ्यात वाटेवर पाहुण्यांची बैलगाडी दिसली, आणि रंगराव दार फोडायला वळला.

तात्पर्य: ज्या कामावर आपल्या माणसाला बोलावताना जीभ अडखळते, त्या कामावर आपणही थांबू नये.