वामनरावांचा बाहेरून पाठिंबा

कोण्या एका देशाच्या पंतप्रधान होत्या शालिनीबाई. त्यांचे यजमान वामनराव निवृत्त भूगोलशिक्षक. समारंभात बायकोशेजारी गप्प बसायचं, एवढंच काम आता त्यांच्या वाट्याला आलं होतं. बाईंचं सरकार उदाजीरावांच्या पक्षाने बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं, आणि उदाजीराव आठवड्याआड तो काढून घेण्याची धमकी देत.

एका मेजवानीत उदाजीरावांनी पत्रकारांदेखत मिशीवर ताव देत विचारलं, "काय मास्तर, घरात सत्ता कोणाची? तुमची की बाईंची?"

वामनराव चपापले. 'माझी' म्हणावं, तर देश नवराच चालवतो अशी बोंब होणार. 'तिची' म्हणावं, तर बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरणार. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"सरकार तिचंच, उदाजीराव. माझा आपला बाहेरून पाठिंबा. पण छत्तीस वर्षांत तो काढून घेण्याची धमकी मी एकदाही दिली नाही!"

हशा उसळला. पत्रकारांनी उदाजीरावांना घेरलं. "मग तुमच्या पाठिंब्याचं काय, साहेब?"

"आहे हो, आहे! पूर्ण पाच वर्षं आहे!" घाम पुसत ते म्हणाले.

शालिनीबाईंनी हसू दाबत नवऱ्याच्या ताटात आणखी एक जिलबी वाढली.