अकरा नावांची डबी

“आन् त्याच्यानंतर?” सुभद्रामायनं विचारलं.

“मेण,” प्रबोध म्हणाला.

“त्याच्यानंतर?”

“कोरफडीचा गर. मग बदामाचं तेल, मग...”

तो डबीकडे न बघता घडाघडा सांगत होता. डबी मायच्या हातात होती. तिच्यावर त्यानंच चिकटवलेला कागद, आणि कागदावर त्याच्याच वळणदार अक्षरात अकरा नावं. शहरातल्या बाटल्यांवर असतात तशी, ज्याचं प्रमाण जास्त ते वर.

तीन वर्षांपूर्वी तो नागपुराहून औषधशास्त्राची पदवी घेऊन सुभद्रामायच्या या मठात आला होता. मठ चुन्याच्या भट्ट्यांना लागून. भट्टीवर राबणाऱ्या बायांचे हात चुन्यानं कोरडे पडून फाटत, आणि मायच्या मलमानं ते भरून येत, एवढं ऐकून तो आला. मलमात निघाल्या तीन वस्तू. तिळाचं तेल, मोहाच्या बियांचं तेल आणि मधमाशीचं मेण. ते शिकायला त्याला एक दुपार पुरली. उरलेली तीन वर्षं त्या मलमात काय कमी आहे हे शोधण्यात गेली. पढतमूर्ख म्हणावं असा काही तो नव्हता, पण पढलेला मात्र फार होता.

त्याला मलमाची कढई हवी होती. यापुढे भट्टीवरच्या बायांसाठी मलम आपण करावं, आपल्या पद्धतीनं करावं, एवढीच त्याची आस होती.

माय म्हणाली होती, भट्टीवरच्या वनमालाचे हात आठ दिवसांत बरे कर आणि कढई घे.

आज आठवा दिवस होता. वनमाला पायरीवर बसली होती. पदरात चार महिन्यांची लेक, आणि दोन्ही मुठी मिटलेल्या. पोरीला ती कोपरांच्या आधारानं धरून होती, कारण तळहात लागले की पोर रडायची.

“काय काय करते हे सारं?” मायनं विचारलं.

हा प्रश्न प्रबोधच्या आवडीचा. त्यानं नीट समजावून सांगितलं. ग्लिसरीन पाणी ओढून आणतं. तेलं कातडीच्या भेगा बुजवतात, तिला मऊ करतात. मेण वर झाकण घालतं, आतला ओलावा उडू देत नाही. मायच्या मलमात ओढून आणणारं कुणीच नव्हतं, ती उणीव त्यानं भरून काढली होती.

“ग्लिसरीन पाणी ओढते. कुठून?”

“हवेतून.”

“आन् हवेत नसन तं?”

पौषातला वारा होता. अंगणात वाळत घातलेलं लुगडं तासाभरात कडक होत होतं.

“...कातडीच्या आतून,” प्रबोध म्हणाला.

हे त्याला परीक्षेच्या वेळीच पाठ होतं. आठ दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं, याची आता त्याला लाज वाटली.

मायनं वनमालाला मुठी उघडायला सांगितलं. भेगा होत्या तशाच होत्या, दोन तर नव्या होत्या. वर डबीतल्या मलमाचा पांढरट थर.

मायनं विचारलं, मलम कसं लावतेस. वनमाला बिचकत प्रबोधकडे बघत बोलली. भट्टीवरून आली की कोरड्या फडक्यानं हात पुसते आणि मलम लावते. पाण्याचा थेंब लागू देत नाही, दादानं तसं बजावून सांगितलं आहे.

“चुन्यावर पाणी पडलं की भाजतं,” प्रबोध घाईनं म्हणाला. “भट्टीवरची सगळीच माणसं पाणी टाळतात. रसायनशास्त्रही तेच सांगतं.”

“थोडं पाणी भाजते,” माय म्हणाली. “लय पाणी निववते.”

फडक्यानं सगळा चुना निघत नाही. भेगांत उरलेल्या चुन्यावर आपण आठ दिवस मेणाचं झाकण घालत होतो, हे प्रबोधच्या ध्यानात आलं आणि त्याला वनमालाकडे बघवेना.

“डबीवरचं पहिलं नाव कोणतं गा?” मायनं विचारलं.

“ग्लिसरीन.”

तिनं डबी त्याच्यापुढे धरली. त्यानं वाचलं. पहिलं नाव त्यानंच लिहिलं होतं, पाणी. मघाशी म्हणताना ते सोडून दिलं होतं. पाण्यात म्हणून दाखवण्यासारखं काय होतं?

“ते तर... नुसतं पाणी आहे, माय.”

माय गुडघ्यावर हात टेकून उठली. तिळाच्या तेलाचा बोळा फिरवून तिनं वनमालाच्या हातावरचा जुना थर काढला. मग हात घंगाळावर धरून तांब्यानं पाणी सोडायला लागली. एक तांब्या, दुसरा, पाचवा... धार तुटू दिली नाही. वनमालानं आधी डोळे मिटून घेतले होते, सातव्या-आठव्या तांब्याला तिचे खांदे सैल पडले.

मायनं हात पुसले नाहीत. ओल्या तळहातांवरच मलम लावलं.

प्रबोधनं बघितलं. ती त्याचीच डबी होती.

तीन वर्षं त्यानं हे रोज बघितलं होतं. घंगाळ, तांब्या, धार. म्हाताऱ्या बाईचा सोवळेपणा समजून त्या वेळी तो वही घेऊन कढईपाशी जाऊन बसायचा. वहीत एवढ्याशा मेणाचंही वजन होतं, घंगाळाचा उल्लेख कुठेच नव्हता.

“मलम बरं हाये तुहं,” माय म्हणाली. “माह्याहून बरं हाये.”

हे ऐकायला तो तीन वर्षं झुरला होता. आता ते ऐकून आनंद झाला नाही. दोन वाजताच्या गाडीनं नागपूर गाठावं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. तिथे त्याला कुणीही हसत हसत नोकरी दिली असती.

तो गेला नाही. त्यानं बाह्या दुमडल्या.

विहिरीवरून तो दोन बादल्या भरून घेऊन आला, मग आणखी दोन. वनमालाला म्हणाला, “माझं चुकलं, ताई. उद्यापासून सुट्टी झाली की सरळ इकडे या. बरे होईस्तोवर मी रोज धुऊन देईन.” वनमाला हो म्हणाली, पण जरा जपूनच. तेवढ्यात भट्टीची पाळी सुटली आणि फाटकातून दुसरी बाई आत आली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते.

प्रबोधनं आधी फडक्यानं सुका चुना झटकला. मग ते हात घंगाळावर घेतले आणि तांब्या भरला. या वेळी काही चुकायला नको होतं.

त्यानं मान वर करून मायला विचारलं, “किती वेळ सोडू पाणी?”

माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळेही उघडले नाहीत.

“मले काय विचारून राहिला, बाबू... हात तिचे हायेत.”