चौथी परडी

एका नदीकाठी एक नावाजलेले विद्यापीठ होते. तिथे शिकवणे फुकट, राहणे फुकट आणि जेवणातले तूपही फुकट. आचार्य आबाशास्त्रींना याचा भारी अभिमान. "आमच्या दाराला कडी नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. ऐकणारे मान डोलवत, कारण दाराला खरेच कडी नव्हती.

कडी नव्हती, पण एक रीत होती. पहिल्या गुरूंच्या काळी नवी मुले त्या थोरल्या दाराला बिचकत. म्हणून गुरू स्वतः एकेकाचे बोट धरून त्यांना उंबरा ओलांडून देत. गुरू गेले, रीत राहिली. आता दसऱ्याला नवी मुले येत, तेव्हा इथे शिकून गेलेला त्यांचा बाप, काका किंवा मामा बोट धरून त्यांना आत आणी. दारावरचा राखणदार प्रत्येकाला एकच विचारी, "बोट कुणाचं?" नाव सांगितले की मूल आत.

एकदा राजाने आचार्यांना विचारले, "पलीकडच्या बुरूडवाडीतून आजवर एकही मूल तुमच्याकडे आलं नाही. असं का?"

"महाराज, त्यांना शिक्षणाची गोडी नाही. आम्ही पान वाढून ठेवलंय. जेवायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं."

"हे त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

आबाशास्त्री उपरणे सावरू लागले. त्यांनी कधी विचारलेच नव्हते.

"मग विचारून या," राजा म्हणाला.

दसऱ्याला आठ दिवस उरले होते. आचार्य नावेने नदी ओलांडून बुरूडवाडीला गेले. खरे सांगायचे तर मनातल्या मनात चरफडतच गेले. पहिल्याच अंगणात भिवा बुरूड बांबू सोलत बसला होता. शेजारी त्याची लेक ठकू सूप विणत होती. आचार्यांना पाहून दोघे उठून उभे राहिले.

"काय रे, तुमच्या पोरांना शिकावंसं वाटत नाही का?"

भिवा खिन्नपणे हसला. "ठकीला इचारा जी. तीन दसरे जाऊन आली."

"तीन दसरे? मग आत का नाही आलीस गं?"

"राखणदारानं इचारलं, बोट कुणाचं? आमच्यात कुणीच शिकल्यालं न्हाई. बोट आणू कुठनं?" ठकू खाली मान घालून म्हणाली. "सांजपतुर पायरीवर बसायची. तुमी समोरनंच गेलात की. तिन्ही बारीला."

"मी?"

"गुरूसाठी परडी इणून आणायची. तुमच्यापुढं धरली, तर तुमी म्हनलात, छान आहे, आणि राखणदाराला म्हनलात, हिचे पैसे देऊन टाक."

आबाशास्त्रींना त्या परड्या आठवल्या. पूजेची फुले ते रोज त्याच परड्यांतून आणत. शिष्या दारात आली होती आणि त्यांनी तिला विकणारी समजून वाटेला लावले होते. एकदा नव्हे, तीनदा!

"यंदाची परडी कुठंय?" त्यांनी हळूच विचारले.

"यंदा न्हाई इणली जी. आता यायचंच न्हवतं."

"चुकलो, पोरी. ये. परडी नको, तू ये."

दसऱ्याला राखणदाराने सवयीने विचारले, "बोट कुणाचं?" आबाशास्त्री पायऱ्या उतरून खाली आले आणि त्यांनी ठकूचे बोट धरले.

"आचार्यांनी बोट धरायची रीत नाही," मागून एक गुरुजी पुटपुटले.

"मूळ रीत तीच होती," आचार्य म्हणाले, आणि दोघे आत गेले.

गोष्ट इथेच संपती तर किती बरे होते! पण उंबरा ओलांडला की विद्या येते, असे थोडेच आहे? इतर मुलांनी घरी ऐकून ऐकून पाठ केलेले ठकूच्या कानावर पहिल्यांदाच पडत होते. ती बोलली की मुले हसत. पंगतीत तिच्या शेजारचा पाट रिकामा राही. दोन महिन्यांत तिने गाठोडे बांधले आणि ती निरोप घ्यायला आली.

"आत आले जी, पर आतबी मी पायरीवरच हाय."

आचार्यांनी तिला जेवणापर्यंत थांबायला सांगितले. दुपारी त्यांनी आपले ताट उचलले आणि ते ठकूच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तिच्या दुसऱ्या बाजूला बसायला मुलांची झुंबड उडाली. मुलेच ती! जेवण झाले की आचार्य तिला सकाळचा धडा पुन्हा समजावून देत. हळूहळू आणखी चौघे तिथे येऊन बसू लागले. त्यांनाही कळत नव्हते, फक्त सांगायची लाज वाटत होती.

वर्ष सरले. परीक्षेत न टिकलेल्याला घरी जावे लागे. त्या दिवशी भिवा सकाळपासून पायरीवर बसून होता. दुपारी आबाशास्त्री धावतच बाहेर आले. उपरणे मागे पडले, त्याचेही त्यांना भान नव्हते.

"भिवा, पोरगी कसोटीला उतरली!"

भिवा ओक्साबोक्शी रडू लागला. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता. त्याचा आणि आचार्यांचाही.

पुढच्या दसऱ्याला ठकू दोन्ही हातांना वाडीची दोन पोरे धरून दारात आली. "बोट कुणाचं?" राखणदाराने विचारले. "माझं," ती म्हणाली. तिच्या आवाजाने अंगणातले पारवे उडाले. मग तिने काखेतली परडी आचार्यांपुढे धरली. या खेपेस त्यांनी राखणदाराला हाक मारली नाही. परडी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली.

त्या वर्षापासून ज्याचे कुणी नाही असे मूल दारात आले की राखणदार आत तोंड करून ओरडे, "बोट हवंय!" मग जो ऐकेल तो हातातले काम टाकून पायऱ्या उतरू लागे.

तात्पर्य: दार उघडे ठेवले म्हणजे बोलावणे झाले असे नाही. ज्याला आणणारे कुणी नाही, त्याच्यासाठी आपण पायरी उतरावी, आणि आत आणल्यावर त्याच्या शेजारच्या पाटावर बसावे.