किल्लेदाराचा वाघ

फार पूर्वी, तेल दुकानात मिळत नसे आणि लोक लोटा घेऊन घाण्यावर जात, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात रंगोबा नावाचा तेली राहत होता. घरात त्याची बायको गोजरा, सहा वर्षांची मुलगी सगुणा आणि पाळण्यात एक तान्हा मुलगा. घाण्याला चांद्या नावाचा बैल होता. त्याच्या डोळ्यांवर दिवसभर कातड्याची झापड बांधलेली असे. झापड असली की गोल गोल फिरूनही बैलाला भोवळ येत नाही, असं रंगोबा सांगायचा.

दिवाळी आली की त्या गावातली मुलं अंगणात दगडमातीचा किल्ला करायची. तसा तो सगळीकडेच करतात, पण या गावात एक जास्तीची गंमत होती. पहिल्या आंघोळीच्या पहाटे किल्लेदार येतो, असं तिथे म्हणत. वीतभर उंचीचा, पांढऱ्या मिशांचा, हातात इवलासा कंदील. आई उटणं चोळत असते, डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलाने डोळे घट्ट मिटलेले असतात, तेवढ्यात हा येतो, किल्ल्यावर एक फेरी मारतो आणि जाताना मातीचं चित्र ठेवतो. चित्र म्हणजे किल्ल्यावर मांडायची मातीची बाहुली. कधी मावळा, कधी तोफ, कधी डोक्यावर घागर घेतलेली गवळण. चोरून बघायला डोळे उघडले तर किल्लेदार दिसत नाही आणि डोळे मात्र चुरचुरतात. त्यामुळे त्याला पाहिलेलं कुणी नव्हतं आणि त्याच्याबद्दल शंकाही कुणाला नव्हती.

चित्र खरं कोण ठेवायचं, हे मोठ्यांना सांगायला नको. मांडीवर लहान मूल बसलं असेल तर यापुढची गोष्ट आधी मनात वाचा, मग काय ते ठरवा.

रंगोबाला हा किल्लेदार फार सोयीचा वाटे. सगुणाने दूध न पिता ठेवलं की तो म्हणायचा, किल्लेदार बघतोय हं. वेणी घालताना ती पळाली, भावाचा खुळखुळा ओढला, तरी तेच. त्याला सगळं दिसतं आणि द्वाड मुलांच्या किल्ल्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही, असं त्याने पोरीच्या मनावर चांगलं ठसवलं होतं. सगुणाही चटकन ऐकायची. आवाज चढवावा लागत नाही, हात उगारावा लागत नाही, यापेक्षा बापाला आणखी काय हवं?

त्या वर्षी सगुणाने किल्ल्याला गुहा केली होती. गुहेत वाघ हवा, असं ती रोज संध्याकाळी किल्ल्यापाशी उकिडवी बसून मोठ्याने सांगायची, म्हणजे किल्लेदाराच्या कानावर जाईल. रंगोबाच्या कानावर ते बरोबर गेलं. त्याने कुंभाराकडून पिवळा, काळ्या पट्ट्यांचा वाघ आणून लपवून ठेवला. वाघाचा एक कान जरा मोठाच झाला होता, पण एकंदर रुबाबदार होता.

आंघोळीच्या आदल्या दुपारी मात्र घात झाला. रंगोबा जेवून परत आला तर चांद्या झापडीशिवाय उभा. दांड्यासकट तो आडवा वळला होता, तेलाचं भांडं लवंडलं होतं आणि साऱ्या गावाच्या अभ्यंगाचं तेल जमिनीत मुरत होतं. रंगोबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे शेजारच्या पोरांचंच काम, असं त्याने धरून टाकलं. अंगणात येऊन, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ज्याने कुणी झापड सोडली असेल, त्याच्या किल्ल्यावर या वर्षी किल्लेदार पाऊल ठेवणार नाही."

सगुणा किल्ल्याच्या बुरुजाला माती थापत होती. तिने मान वर केली नाही.

सांडलेल्या तेलाच्या जागी नवं काढायचं म्हणजे सगळंच लांबलं. पहाटे दारात लोट्यांची रांग लागली. न्हाणीत गोजरा सगुणाला उटणं लावत होती आणि रंगोबाशी ठरलेल्या खुणेप्रमाणे मोठ्याने सांगत होती, डोळे मीट गं. मग आणखी मोठ्याने. मग पोरीच्या पाठीचं सालटं निघेल इतका वेळ चोळत पुन्हा एकदा. रंगोबा तेल मोजून देत होता, लोकांची घाई होती, त्याच्या कानात काही शिरलं नाही. वाघ त्याच्या बंडीच्या खिशात होता आणि खिशातच राहिला.

सगुणा नवा परकर सावरत धावत अंगणात आली. गुहा रिकामी होती. ती रडली नाही. ओली माती घेऊन तिने गुहेचं तोंड नीट लिंपून टाकलं. दिवसभर तिने करंजीला हात लावला नाही. पोट दुखतंय का, असं आईने विचारलं तर नाही म्हणाली.

संध्याकाळी रंगोबाने बंडी काढली आणि वाघ टणकन जमिनीवर पडला. आपण काय बोललो होतो आणि काय होऊन बसलं, ते त्याच्या ध्यानात आलं. पण झापड कुणी सोडली हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, एका वाघाचा तर प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी सगुणा फराळाचं ताट घेऊन शेजारी गेली, तेव्हा त्याने गुहा उकरून वाघ आत बसवला.

सगुणा परत आली. वाघ पाहून तिचा चेहरा क्षणभर फुलला आणि लगेच उतरला. तिने वाघ उचलला, शेजारच्या अंगणात नेला आणि तिथल्या किल्ल्यावर ठेवून आली.

रंगोबाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, चुकून इथे ठेवला गेला असेल, माझा नाही तो. रंगोबा घाईघाईने म्हणाला, अगं, तुझाच आहे, किल्लेदाराला यायला उशीर झाला असेल.

"त्याला सगळं दिसतं ना, आबा?" सगुणा म्हणाली. "मग मी चांद्याची झापड सोडलेली पण दिसली असेल. चांद्याने किल्ला कधीच बघितला नव्हता, म्हणून सोडली. तेल सांडेल असं मला नव्हतं वाटलं. मी वाईट आहे, म्हणून तो आला नाही."

रंगोबाचा तेलाचा राग तर कुठल्या कुठे गेला. पोर आपल्या डोळ्यांदेखत स्वतःला वाईट ठरवून मोकळी झाली होती, आणि निवाडा आपणच दिला होता, हे त्याच्या काळजाला लागलं.

आत जाऊन त्याने गोजराला सांगितलं. खरं काय ते पोरीला सांगून टाकतो, म्हणाला. गोजरा काही ऐकेना. एवढंसं वय तिचं, आत्ताच तिची गंमत कशाला हिरावून घ्यायची? मोठं झाल्यावर सगळं कळतंच. त्यापेक्षा किल्लेदाराने माफ केलं असं सांगा, म्हणजे गंमतही राहील आणि पोरही हसेल.

रंगोबाला ते पटण्यासारखं वाटलं. लहानपणी त्यानेही अंगणात उभं राहून किल्लेदाराची वाट पाहिली होती आणि ते दिवस त्याला फार प्रिय होते. पण त्याला असंही वाटत होतं, की आज माफ करणारा किल्लेदार उद्या पुन्हा रागावू शकेल. मग पोर जन्मभर कुणाच्या तरी मर्जीकडे बघत राहील. विचार करत तो घाण्यापाशी गेला. चांद्या झापडीखाली उभा होता, सुटका व्हायची वाट बघत. रंगोबाने रोजच्यासारखी झापड सोडली. गाठ त्याच्याच हातची होती, म्हणून चटकन सुटली. बैलाने डोळे किलकिले केले आणि त्याच्या हाताला नाक लावलं.

मग त्याने सगुणाला हाक मारली आणि घाण्याच्या कट्ट्यावर जवळ बसवलं.

"सगू, किल्लेदार म्हणजे मीच," तो म्हणाला. "दर वर्षी चित्र मीच ठेवतो. या वर्षी कामाच्या गडबडीत विसरलो. वाघ माझ्या खिशात राहिला."

कंदिलाचं काय, मिशांचं काय, असं सगुणा विचारेल म्हणून रंगोबा मनातल्या मनात उत्तरं जुळवत होता. तिने विचारलं भलतंच.

"म्हणजे माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं?"

"कुणीच नाही," रंगोबा म्हणाला. "तेल सांडलं म्हणून मी रागावलो होतो. ते तेव्हाच संपलं."

तेव्हा कुठे सगुणा रडली. कालपासूनचं सगळं रडून घेतलं. दारात उभी राहून ऐकणाऱ्या गोजराने पदराने तिचं नाक पुसलं आणि तिच्या हातात करंजी दिली. करंजी संपवून सगुणा शेजारी गेली आणि वाघ परत मागून आणला. देताना शेजारच्या पोराने बरीच कुरकुर केली. मग तिने चांद्याला दाव्याने धरून, बापाच्या देखत, अंगणात आणलं आणि किल्ला दाखवला. चांद्याने बुरुजावर उगवलेले हळिवाचे कोंब खाऊन टाकले.

किल्लेदार संपला, असं गोजराला वाटलं होतं. तसं झालं नाही.

काही दिवाळ्या गेल्या आणि पाळण्यातला भाऊ किल्ला करण्याएवढा झाला. पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी त्याने रागाच्या भरात आईचा रांगोळीचा डबा उलटा केला, आणि संध्याकाळी मुकाट्याने सगुणाजवळ येऊन बसला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं, की द्वाड मुलांकडे किल्लेदार येत नाही. हे खरं का, असं त्याने बहिणीला विचारलं.

रंगोबा घाणा पुसत होता. त्याचा हात थांबला.

"त्याला द्वाड-शहाणं काही कळत नाही," सगुणा म्हणाली. "त्याला फक्त किल्ला दिसतो. किल्ला असला की तो येतो. रांगोळी सांडलीस ती आईची. तिला जाऊन सांग आणि भरायला लाग."

पोरगा उठून आत गेला. सगुणाने परकराच्या ओच्यातली मातीची तोफ नीट खोचली आणि, उद्या उटणं जरा जास्त वेळ चोळ, असं आईला सांगायला ती त्याच्यामागून गेली.

तात्पर्य: मुलांना जादूची गोष्ट खुशाल सांगावी, पण तिच्या हातात छडी देऊ नये, आणि आपल्या हाताने बांधलेली झापड वेळ आली की आपल्याच हाताने सोडावी.